गादी मेगाट्रॉनची, कपाट स्टारस्क्रीमचं

दुकान: मांडाराके, नाकानो ब्रॉडवे, तोक्यो. घेतलेला माल: ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या रोबो-खेळण्यांपैकी जुन्या साच्यातला स्टारस्क्रीम आणि त्याच्याशेजारी ठेवायला मेगाट्रॉन. दोन्ही ताकारा कंपनीचे, दोन्ही वापरलेले.

तोक्योच्या निशी-कासाई भागातल्या मराठी मंडळींना आधी एक सोयीची गोष्ट सांगते. नाकानोला जायला गाडी बदलावी लागत नाही. तोझाई लाइन धरायची, जागा मिळाली तर डुलकी काढायची आणि नाकानोला उतरायचं. फक्त गाडीवरची पाटी बघून बसा, कारण काही गाड्या तिथे न संपता पुढे मिताकाकडे जातात. उत्तरेच्या दाराने बाहेर पडलं की समोर सनमॉलची छत घातलेली बाजारगल्ली आणि तिच्या टोकाला ब्रॉडवेची इमारत. 1966 सालची. खाली दुकानं, वर लोकांची घरं. जपानी हिशोबाने पहिल्या मजल्यावरून, म्हणजे आपल्या तळमजल्यावरून, सरकता जिना जो सुटतो तो थेट तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याचं काय घोडं मारलंय कोण जाणे. तिथे जायचं तर पायऱ्या आहेत.

याच इमारतीत 1980 साली मासुझो फुरुकावा या मांगा म्हणजे जपानी चित्रकथा काढणाऱ्या माणसाने जुन्या मांगांचं टीचभर दुकान थाटलं. आज मांडाराके म्हणजे एक दुकान राहिलेलं नाही. मजल्यामजल्यांवर विखुरलेली छोटी छोटी दुकानं आहेत. एकात फक्त मांगा, एकात जुने व्हिडिओ गेम, एकात बाहुल्या, एकात पत्र्याची खेळणी. दुपारी बाराला उघडतात, आठला बंद. सकाळी दहाला जाऊन उभं राहिलात तर शटर बघत बसाल. मुलं बरोबर असतील तर तळघरात आठ चवींचं थरावर थर रचलेलं आइस्क्रीम मिळतं. ते आधी त्यांच्या हातात द्या, मग तुम्हाला रोबो बघायला अर्धा तास सलग मिळेल.

आता ज्या प्रकरणासाठी मी तिथे जाते त्याकडे वळते. ट्रान्सफॉर्मर्स म्हटलं की बहुतेकांना ऑटोबॉट या चांगल्या रोबोंचा नेता ऑप्टिमस प्राइम आठवतो. जपानमध्ये त्याचं नाव कॉन्व्हॉय. लाल ट्रक, निळे पाय, बोलणं गावच्या जुन्या हेडमास्तरांसारखं. त्याच्यासमोर डिसेप्टिकॉन या वाईट रोबोंचा नेता मेगाट्रॉन. या दोघांचं युद्ध सगळ्यांना माहीत आहे आणि खरं सांगायचं तर मला ते थोडं कंटाळवाणं वाटतं. एक चांगला, एक वाईट, संपलं. खरं राजकारण डिसेप्टिकॉनांच्या घरातच चालतं. मेगाट्रॉनच्या उजव्या हाताला उभा असलेला स्टारस्क्रीम, विमानदलाचा प्रमुख, याचं लक्ष शत्रूकडे कमी आणि नेत्याच्या खुर्चीकडे जास्त. मेगाट्रॉन पडला की हा सर्वांत आधी 'आता नेता मी' म्हणून मोकळा होतो. मेगाट्रॉन उठला की पाय धरतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पक्ष कोणाचा आणि चिन्ह कोणाचं, हे भांडण आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

गंमत अशी की हे बंड लपूनछपून चाललेलं नाही. ते पेटीवर छापलेलं होतं. 1984 साली हॅझब्रो या अमेरिकन कंपनीने ही खेळणी तिकडे आणली. साचे ताकाराचे होते, डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या खेळण्यांच्या दोन जपानी मालिकांमधले, पण त्या यंत्रांना नावं आणि स्वभाव नव्हते. ते काम मार्व्हल या कॉमिक्स कंपनीकडे गेलं आणि बहुतेक पात्रांची नावं आणि माहिती तिथल्या बॉब बुडियान्स्की या संपादकाने लिहिली. पेटीमागे प्रत्येकाचा एक आलेख असायचा, लाल रेघोट्यांखाली दडवलेला, आणि सोबत मिळणारी लाल पट्टी वर धरली की आकडे दिसायचे. ताकद, बुद्धी, वेग, चिवटपणा, हुद्दा, धैर्य, मारा, कौशल्य. मेगाट्रॉनचा हुद्दा दहापैकी 10. स्टारस्क्रीमचा 9. सगळं दुखणं त्या एका गुणाचं. वेगात मात्र मेगाट्रॉनला 4 आणि स्टारस्क्रीमला पूर्ण 10. आणि धैर्य? स्टारस्क्रीमला तब्बल 9 दिलेत. कार्टून मालिकेत पहिली गोळी सुटताच शेपूट घालणाऱ्या या गृहस्थाला 9 गुण कुठल्या परीक्षकाने दिले हे मला आजवर कळलेलं नाही. माझी शंका अशी की त्याने स्वतःचा पेपर स्वतःच तपासला असावा.

त्याच माहितीत लिहिलेलं आहे की हा मेगाट्रॉनची जागा घ्यायला टपलेला आहे, आणि दांडगाईपेक्षा कावा आणि वेग वापरून ऑटोबॉटांना हरवावं असं त्याचं मत आहे. म्हणजे आठ वर्षांच्या पोराने वाढदिवसाला पेटी फोडली की त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक, आपल्या हातातलं विमान फितूर आहे. मुलांच्या खेळण्यात इतका खुलेपणा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मांडाराकेच्या काचेच्या कपाटासमोर उभं राहिलं की या भांडणाचा एक वेगळाच निकाल दिसतो. मेगाट्रॉन रूप बदलून होतो काय? पिस्तूल. वॉल्थर पी-38, दुर्बीण आणि लांब नळीसकट. स्टारस्क्रीम होतो एफ-15 ईगल विमान. आता पिस्तुलाला चालवायला हात लागतो. जो नेता आपली सर्वांत मोठी ताकद वापरायची झाली की लहान होऊन दुसऱ्याच्या मुठीत जातो, त्याचं काय व्हायचं? आणि मालिकेत ती मूठ कित्येकदा स्टारस्क्रीमची असते. 1986 च्या चित्रपटात ऑटोबॉटांच्या यानावर हल्ला होतो तेव्हा मेगाट्रॉन पिस्तूल बनतो आणि त्याला धरून गोळ्या झाडतो तो हाच. परतीच्या वाटेवर जखमी मेगाट्रॉनला अंतराळात ढकलून देणाराही हाच. नेत्याने ज्याच्या हातात स्वतःला दिलं त्याच हाताने नेत्याला बाहेर फेकलं.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. अंतराळात भरकटलेला मेगाट्रॉन ग्रह गिळणाऱ्या युनिक्रॉनशी सौदा करून गॅल्व्हाट्रॉन होतो, स्टारस्क्रीमचा राज्याभिषेक चालू असताना दारात हजर होतो आणि मुकुट घातलेल्या स्टारस्क्रीमची जागच्या जागी राख करतो. राज्य किती वेळ टिकलं म्हणाल तर तुतारी वाजून संपेपर्यंत. पण लेखकांनाही त्याच्यावाचून करमेना. पुढच्या भागांमध्ये त्याचं भूत आलं, दुसऱ्याच्या अंगात शिरलं आणि पुन्हा कारस्थानं सुरू. इंग्रजीत क्रिस लाट्टाने त्याला चिरका, किरकिरा आवाज दिला होता. जपानीत हिरोताका सुझुओकी. दोन्ही ऐका. जपानी स्टारस्क्रीम जरा सुसंस्कृत वाटतो, आणि त्यामुळे जास्तच नालायक.

आता माल.

स्टारस्क्रीम मी पुन्हा काढलेल्या आवृत्तीतला घेतला. साचा तोच जुना. विमान म्हणून हे खेळणं आजही सुरेख आहे. पांढुरकं-राखाडी अंग, लाल पट्टे, निळे शेपटीचे पंख आणि नारिंगी काच. काच उघडते आणि आत चिमुकली बसायची जागा आहे, कारण मूळ डायाक्लोनमध्ये तिथे बोटाच्या पेराएवढा चालक बसायचा. म्हणजे आज ज्याला कोणाच्याही हाताखाली राहायचं नाही त्याच्या छातीत अजून ड्रायव्हरची सीट आहे! खाली तीन चाकं. काही भाग धातूचे असल्यामुळे हातात घेतल्यावर वजन लागतं, आणि ते वजन फार सुखाचं आहे. हल्लीच्या पोकळ प्लास्टिकनंतर तर फारच.

रूप बदलणं मात्र आजच्या मानाने अगदी बाळबोध. पाय ओढा, नाक वळवा, हात बाहेर काढा. मुठी सुट्या, क्षेपणास्त्रांच्या नळ्या सुट्या, पंख सुटे, शेपटीचे पंखही सुटे. विमान करताना मुठी ठेवायच्या कुठे याचं उत्तर साच्यात नाही. आमच्याकडे त्या गणपतीच्या सामानातल्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत असतात. रोबो झाल्यावर चेहरा विमानाच्या नाकाच्या भागातून डोकावतो. पडद्यावरचा देखणा, मग्रूर स्टारस्क्रीम डोळ्यांसमोर ठेवून पेटी उघडलीत तर हसू येईल. गुडघा वाकत नाही, कंबर वळत नाही. हात वर करून 'मी नेता' एवढं म्हणता येतं. तेवढं पुरतं त्याला.

आणि हाच साचा निळ्या रंगात थंडरक्रॅकर, काळ्या-जांभळ्यात स्कायवॉर्प. एका साच्यात तीन विमानं. पुढच्या वर्षी पंख बदलून आणखी तीन काढले. कंपनीचा पैसा वाचला, मुलांना अख्खं विमानदल मिळालं, आणि आम्हा जमवणाऱ्यांच्या कपाटात तेव्हापासून जागा नाही.

मेगाट्रॉनबद्दल जड मनाने लिहिते. पिस्तूल म्हणून तो जबरदस्त दिसतो. चंदेरी मुलामा, काळी मूठ, दुर्बीण. सगळे जोड लावले की लांबी अशी होते की आमच्या घरात नवऱ्याने पहिल्यांदा बघून "हे घरात कशाला?" असं विचारलं होतं. पण रोबो केला की नेतेपण गळून पडतं. मुठीच्या दोन फाकांचे दोन पाय होतात, हात काड्यांसारखे, आणि पिस्तुलाचा घोडा नेमका दोन पायांच्या मधोमध येतो. या विषयावर जगभरात इतके विनोद झालेत की मी नवीन भर घालत नाही. दुर्बीण हातावर बसते आणि तोफ होते, ती कल्पना मात्र झकास आहे. ती बसवली की त्याच्याकडे बघून थोडी भीती वाटते.

मुलामा हा त्याचा खरा शत्रू. ऑप्टिमस प्राइमला जमलं नाही इतकं नुकसान मुलांच्या घामट बोटांनी केलंय. कपाटात मेगाट्रॉन ओळीने उभे असतील तर छाती आणि पायांच्या कडा बघा. चांदी उडून खालचं राखाडी प्लास्टिक दिसत असेल तर किंमत निम्म्यावर येते, आणि यायलाच हवी. मी घेतलेल्याच्या एका पायाची कड उडालेली आहे. लेबलवर ते लिहिलेलं होतं, किंमतही त्या हिशोबाने होती.

या दुकानाचं मला सर्वांत आवडतं ते हे लेबल. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातले दोष नोंदवते. त्यामुळे दुसऱ्या कोणीतरी माझ्याआधी, माझ्यापेक्षा बारकाईने दोष नोंदवून ठेवलेले बघितले की मला भरून येतं. मिकाइफू म्हणजे पेटी न उघडलेली. केप्पिन म्हणजे काहीतरी हरवलंय, आणि बहुतेकदा काय ते पुढे लिहिलेलं असतं. हाको इतामी म्हणजे पेटी दुखावलेली. हे तीन शब्द वाचता आले तर निम्मं काम झालं. बाकीचं कपाटाच्या चावीवर. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की ती येते, कपाट उघडते, वस्तू ट्रेमध्ये ठेवून आणते आणि तुमच्यासमोर सुटे भाग एकेक करून मांडते. घाई करत नाही. माझ्या मोडक्या जपानीत मी "मुठी दोन्ही आहेत ना" असं विचारलं तर तिने दोन्ही मुठी बोटाच्या टोकावर धरून दाखवल्या. क्षेपणास्त्रंही मोजून दाखवली. एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, ज्याचं नाव घेत नाही, मी 'संपूर्ण' म्हणून स्टारस्क्रीम मागवला होता, तो एक हाताने थोटा आला. तेव्हापासून मी समोर बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

भाव? स्टारस्क्रीम मला दहा हजार येनांच्या किंचित आत मिळाला. मेगाट्रॉनला त्याच्या दुपटीहून जास्त मोजले. स्वस्त नाही. पासपोर्ट दाखवून करमाफी मिळते ती पर्यटकांना, माझ्यासारख्या इथे राहून कर भरणाऱ्यांना नाही. तेव्हा पुण्याहून कोणी फिरायला येणार असेल तर त्याला बरोबर न्यावं, अशी एक सूचना माझ्या ओळखीच्यांमध्ये नेहमी होते. मी ती केलेली नाही. कारण खरेदी ज्याच्या नावावर, वस्तूही त्याच्याचबरोबर देशाबाहेर गेली पाहिजे, आणि मला माझा स्टारस्क्रीम कोथरूडला पाठवायचा नव्हता.

दोन किमतींमधल्या फरकाचं कारण मात्र ऐकण्यासारखं आहे. विमान कोणीही, कुठेही, कधीही विकू शकतं. पिस्तूल नाही. अमेरिकेत 1988 च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीला नारिंगी टोकासारखी खूण सक्तीची झाली, आणि चंदेरी वॉल्थर तिथल्या दुकानात पूर्वीसारखी मांडणं संपलं. 1993 मध्ये मेगाट्रॉन पुन्हा आला तो हिरवा रणगाडा होऊन. 2019 च्या सीज या खेळण्यांच्या मालिकेतही रणगाडाच. पिस्तूलवाल्याला शोधत लोक जपानच्या जुन्या मालाकडे वळतात, म्हणून त्याचा भाव चढा. उलट स्टारस्क्रीम सुखाने विमानच राहिला. एफ-15 चा एफ-22 झाला एवढंच. प्रत्येक नव्या मालिकेत, प्रत्येक आकारात, प्रत्येक किमतीत तो आहे. त्यात त्याला राज्याभिषेकाचा मुकुट आणि झगाही मिळाला. ज्या राज्याची त्याच्यासकट राख झाली त्याचा पोशाख हॅझब्रोने वेगळी पेटी करून विकला. नाकानोच्या कपाटात मी सहज नजर फिरवली तर मेगाट्रॉन एका फळीवर, आणि स्टारस्क्रीम जिथे बघाल तिथे. पडद्यावर जे राज्य त्याला मिनिटभर टिकवता आलं नाही ते त्याने दुकानात केव्हाच मिळवलंय.

भारतात नेण्याचा विचार असेल तर याच कारणाने आधीच निवड करा. हातातल्या बॅगेत खेळण्यातलं पिस्तूलही चालत नाही, आणि नारिता विमानतळावर सुरक्षेच्या माणसाला "हा डिसेप्टिकॉनांचा नेता आहे" हे समजावून सांगायला माझं जपानी अपुरं आहे. कोल्हापूरच्या भाच्याने फोनवर स्पष्ट बजावलं होतं, "मावशी, मला मेगाट्रॉनच पाहिजे." त्याला मी रणगाडावाला मेगाट्रॉन नेला. तो थोडा रुसला, मग रणगाडा कुंडीवरून खाली ढकलण्यात रमला. पिस्तूलवाला इथेच राहिला.

आमच्या घरी दोघे टीव्हीशेजारच्या फळीवर आहेत. मेगाट्रॉनला मी उजवीकडे, जरा पुढे उभा करते. लेक शाळेतून आली की स्टारस्क्रीमला त्याच्यापुढे सरकवते. तिचं म्हणणं, ज्याला उडता येतं तो मागे का उभा राहील? मी वाद घालत नाही, रात्री जागच्या जागी करते.

तर, पहिलंच खेळणं घेत असाल तर स्टारस्क्रीम घ्या, सुटं असलं तरी मुठी आणि क्षेपणास्त्रं पूर्ण असलेलं. पेटीसाठी जास्त पैसे देऊ नका, ती नंतर पलंगाखालीच जाते. मेगाट्रॉन घ्यायचाच असेल तर घोड्याचा भाग, मूठ आणि मुलामा या तीन जागा काउंटरवर उजेडात बघून घ्या. आणि दुकानात कपाटांचे फोटो काढू नका. बहुतेक ठिकाणी मनाई आहे, आणि काउंटरवरच्या मुली फार सौम्यपणे सांगतात, त्यामुळे जास्तच ओशाळल्यासारखं होतं.

दुकानाला पाचपैकी पाच. स्टारस्क्रीमला चार, गुडघ्यांसाठी एक कमी. मेगाट्रॉनला पिस्तूल म्हणून पाच, नेता म्हणून अडीच.